स्वरांत लपवलेली नावं

पेटीवर पांढरी एकला सा धरा आणि चार स्वर सावकाश वाजवा: कोमल निषाद, शुद्ध धैवत, वरचा षड्ज, आणि मग शुद्ध निषाद. शेवटचे दोन स्वर अदलाबदल करून वाजवले, तर मियाँ मल्हारातला ओळखीचा तुकडा कानावर येतो. पण आहेत त्याच क्रमाने वाजवले, तर जर्मन माणसाला त्यात चार अक्षरं वाचता येतात: बी, ए, सी, एच. म्हणजे बाख.

या कोड्याची किल्ली जर्मन स्वरलेखनात आहे. इंग्रज ज्याला बी म्हणतात त्या शुद्ध निषादाला जर्मन लोक ‘एच’ म्हणतात, आणि ‘बी’ हे नाव कोमल निषादासाठी राखून ठेवतात. कोमल गंधाराचं नाव ‘एस’, त्यामुळे एस हे अक्षरही हाताशी येतं. ए ते एच आणि वर हे एस, एवढ्या अक्षरांत ज्याचं नाव मावेल तो भाग्यवान. मोझार्टचं मावत नाही. बाखचं पूर्ण मावतं, आणि ही गोष्ट त्या घराण्याच्या हयातीतच प्रसिद्ध होती. योहान गॉटफ्रीड वॉल्टरने १७३२ साली छापलेल्या संगीतकोशात तिची नोंद आहे. बाखने स्वतः ‘आर्ट ऑफ फ्यूग’च्या अखेरच्या, अपुऱ्या राहिलेल्या रचनेत हे चार स्वर विषय म्हणून आणले. हे नाव आलं तिथेच वडिलांचा मृत्यू झाला, अशी टीप त्याच्या मुलाने हस्तलिखितावर लिहून ठेवली. हस्ताक्षराच्या अभ्यासावरून आज अभ्यासक ती टीप शब्दशः खरी मानत नाहीत. तरीही ते पान तिथे तुटतं, आणि ऐकणाऱ्याला ते तुटणं सोसत नाही.

पुढे शुमान, लिझ्ट, रेगर, शोनबर्ग, वेबर्न अशा कितीतरी जणांनी या चार स्वरांवर रचना केल्या. मला त्यांतला छोटासा बीथोवन आवडतो. १८२५ साली डॅनिश संगीतकार कुलाऊ त्याला भेटायला आला. बीथोवनने त्याच्या नावाची फोड करून, त्यातलं ‘थंड’ आणि ‘कोमट’ वेगळं काढून, एक कॅनन लिहिला आणि त्याच्या स्वरांत बाखचं नाव गुंफलं. एका कोड्यात दोन संगीतकारांची नावं.

ही युक्ती बाखहून बरीच जुनी आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सांध्यावर होऊन गेलेल्या जोस्कँ द प्रे याने फेराराच्या ड्यूकसाठी एक ‘मास’ (चर्चमधल्या उपासनेची गायनरचना) रचला. ‘हर्क्युलिस डुक्स फेरारिए’ या लॅटिन नावातले स्वरवर्ण त्याने उचलले आणि प्रत्येकाला त्याच स्वरवर्णाचा सांगीतिक स्वर दिला: ए-काराला रे, उ-काराला उत म्हणजे त्या काळचा सा, आ-काराला फा, इ-काराला मी. आपल्या सरगमीत लिहिलं तर रे सा रे सा रे म ग रे. पुरी रचना या आठ स्वरांभोवती फिरते. आश्रयदात्याचं नाव असं गायलं जाताना त्यात खुशामतीचा वासही येत नाही, ही जोस्कँची थोरवी.

कोड्यांचा खरा वेडा मात्र रॉबर्ट शुमान. त्याची पहिलीच छापील रचना, १८३०मध्ये पुरी झालेली, ‘अबेग’ या आडनावावर आहे: ध, कोमल नी, ग, प, प. ‘कार्निव्हाल’मध्ये तो फार खोल गेला. त्या वेळी त्याची वाग्दत्त वधू एर्नेस्टीन फॉन फ्रिकन ही आश नावाच्या गावची. ते गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. आशची अक्षरं ए, एस, सी, एच. आणि शुमानच्या लक्षात आलं की, त्याच्या स्वतःच्या आडनावात स्वर होऊ शकणारी अक्षरं नेमकी हीच आहेत, फक्त क्रम वेगळा. प्रेयसीचं गाव आणि आपलं नाव त्याच चार स्वरांतून निघावं, याचा त्याला किती आनंद झाला असेल! छापील प्रतीत त्याने मध्येच ‘स्फिंक्स’ या शीर्षकाखाली हे स्वर तीन प्रकारे मांडून ठेवले, पण वाजवण्यासाठी नव्हे. बहुतेक पियानोवादक ते गाळतात. रखमानिनॉफने आपल्या ध्वनिमुद्रणात ते वाजवले आहेत. मला ते पटत नाही. ती वाचणाऱ्याची खूण आहे, ऐकणाऱ्याची नाही.

१८५३ साली शुमानने रचलेलं कोडं या सगळ्यांत मला श्रेष्ठ वाटतं. व्हायोलिनवादक योआखिम घरी येणार म्हणून शुमान, तरुण ब्राम्स आणि डीट्रिश अशा तिघांनी मिळून एक सोनाटा लिहिला. एफ, ए, ई हे त्याचे बीजस्वर, म्हणजे म, ध, ग. योआखिमचं ‘मुक्त पण एकाकी’ हे जे जर्मन ब्रीद, त्याची ही आद्याक्षरं. सोनाटा वाजवून योआखिमने ओळखायचं होतं, कोणता भाग कोणाचा. शुमानची बायको क्लारा हिच्या पियानोसोबत त्याने तो वाजवला आणि तिन्ही नावं बरोबर सांगितली. इथे अक्षरं मोजायची नव्हती. माणूस त्याच्या स्वरांवरून ओळखायचा होता.

शब्दकोड्यांच्या शौकिनांनी एडवर्ड एल्गारकडे वळावं. त्याने आपल्या मॅल्व्हर्नच्या घराचं नाव ‘क्रेग ली’ ठेवलं होतं. त्यात एल्गारची अक्षरं उलटसुलट करून, सोबत मुलगी कॅरिस, बायको ॲलिस आणि स्वतः एडवर्ड यांची आद्याक्षरं मिसळली आहेत. १८९९च्या ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’मध्ये प्रत्येक तुकडा एका जवळच्या माणसावर आहे आणि वर फक्त आद्याक्षरं किंवा टोपणनाव. सर्वांत प्रसिद्ध तुकडा ‘निमरॉड’. बायबलातला निमरॉड मोठा शिकारी. जर्मनमध्ये शिकाऱ्याला येगर म्हणतात. आणि ऑगस्टस येगर हा एल्गारचा प्रकाशनसंस्थेतला मित्र, त्याच्या निराशेच्या काळात त्याला धीर देणारा. दोन पायऱ्या चढून उत्तर मिळतं, आणि मग ती संथ चाल वेगळीच ऐकू येते.

पण एल्गारने आणखी एक गाठ मारून ठेवली: सगळ्या रचनेतून दुसरी एक, मोठी चाल जाते, मात्र ती वाजवली जात नाही, असं त्याने सांगितलं. शंभरहून अधिक वर्षं लोक ती शोधताहेत आणि प्रत्येकाला आपली सापडते. इथे सोडवणाऱ्याने स्वतःला आवरलं पाहिजे. स्वर बाराच आहेत. हवं ते नाव हव्या त्या पानावर काढता येतं. आल्बान बर्गच्या ‘लिरिक स्वीट’मधली त्याची स्वतःची आणि प्रेयसी हॅना फुक्सची आद्याक्षरं आपण मानतो, कारण १९७७ साली अभ्यासक जॉर्ज पर्लने बर्गच्याच हातच्या खुणा असलेली प्रत उजेडात आणली. शोस्टाकोविचच्या दहाव्या सिंफनीत हॉर्नवर पुन्हा पुन्हा येणारे ग, ध, ग, रे, ध हे स्वर ‘एल्मिरा’ हे नाव उच्चारतात, हे त्याने आपली विद्यार्थिनी एल्मिरा नाझिरोव्हा हिला लिहिलेल्या पत्रांवरून कळलं. असा पुरावा नसेल तर उत्तर हा अंदाज समजावा.

हायडनच्या मृत्युशताब्दीनिमित्त १९०९ साली पॅरिसच्या एका संगीत-नियतकालिकाने रावेल, देब्यूसी, द्यूका अशांकडून त्याच्या नावावर रचना मागवल्या. एच जर्मन पद्धतीने घेतला आणि वाय व एन मात्र सात-सात अक्षरांच्या ओळी मांडून बसवले. सँ-साँसने या मांडणीवर आक्षेप घेतला आणि फोरेलाही सावध केलं. त्याचं बरोबरच होतं. एका कोड्यात दोन नियम चालत नाहीत. रावेलचा मिन्युएट मात्र सुंदर झाला, आणि तो नाव न कळताही सुंदर आहे.

शोस्टाकोविचच्या त्या दहाव्या सिंफनीत एल्मिराच्या नावाबरोबर त्याची स्वतःची सहीही आहे: रे, कोमल ग, सा, खालचा शुद्ध नी. जर्मन अक्षरांत डी, एस, सी, एच. जुलै १९६० मध्ये ड्रेस्डेनजवळ तीन दिवसांत लिहिलेल्या आठव्या तंतुवाद्य-चौकडीत ती पाचही भागांत आहे. सुरुवातच चेलोवर या चार स्वरांनी होते. ही रचना आपल्याच स्मृतीला अर्पण करता येईल, असं त्याने मित्राला कळवलं होतं. ज्याला ही अक्षरं ठाऊक नाहीत त्यालाही ते दुःख पोचतं.

आपल्याकडे रचनाकार आपलं नाव स्वरांत नाही, बंदिशीच्या शब्दांत, मुद्रा म्हणून ठेवतो. नियामत खाँचं ‘सदारंग’ सर्वांना ठाऊक आहे. पण पंडित भातखंडे यांची ‘चतुर’ आणि श्रीकृष्ण रातंजनकरांची ‘सुजान’ ही मुद्रा साध्या विशेषणासारखी अर्थात मिसळून जाते, आणि जगन्नाथबुवा पुरोहितांचं ‘गुणीदास’ भक्ताचं वर्णन वाटतं. मैफलीत बंदिश संपते, टाळ्या पडतात, आणि रचनाकार कोण हे निम्म्या श्रोत्यांना कळलेलंच नसतं. गायकांनी बंदिश सुरू करण्याआधी एका वाक्यात ते नाव सांगावं, आणि बंदिशींची पुस्तकं छापणाऱ्यांनी मुद्रांची सूची जोडावी, एवढी विनंती.