अर्धवट गाडीचा सौदा

सांगलीच्या आमच्या गोदामात हळदीच्या पोत्यांच्या थप्पीमागे ताडपत्रीखाली एक गाडी चार वर्षे उभी होती. पुतण्याने हौसेने घेतलेली जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन मुळात १५० अश्वशक्तीचे. त्याला ते २५० वर न्यायचे होते. मोठा टर्बो, इंजेक्टर, दणकट क्लच अशी एकेक खोकी येत गेली. मग लग्न झाले, पेढीचा भार अंगावर आला आणि गाडी जागेवरच राहिली.

विकायचे ठरले तेव्हा त्याने वही मांडली : गाडीचे ३ लाख, सामान व मजुरीचे ४ लाख ६० हजार. या बेरजेवरूनच भाव सांगावा, असे त्याचे म्हणणे. मी म्हटले, “हळदीला कीड लागली तर खरेदीचा भाव कोणी देतो का?” तो हसला, पण पटायला आठवडा गेला. पुऱ्या झालेल्या गाडीत घेणारा वेग पाहतो, अपुऱ्या गाडीत केवळ उरलेले काम मोजतो. मजुरी तर कोणीच परत देत नाही.

खरी किंमत निघाली ती एका धूळभरल्या पेटीत. मूळ टर्बो, मूळ इंजेक्टर, मूळ संगणक त्याने जपून ठेवले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलास ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. म्हणून गाडी मूळ भागांसह विकावी आणि नवे सामान वेगळे काढावे, असे ठरले. टर्बो व इंजेक्टर कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर गाडी पळवणाऱ्या एका हौशी तरुणाने बऱ्या भावात नेले. त्यातून १ लाख ४० हजार सुटले.

गाडीला पुण्याचे गिऱ्हाईक आले. ३ लाख ४० हजार देण्यास तयार. अडचण एकच होती. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर खोल ओरखडा होता. इंजिन उघडले तेव्हा तो दिसला होता. आता हेड परत बसवलेले, ओरखडा आत झाकलेला. पुतण्या हळूच म्हणाला, “काका, विचारले तर सांगू.”

आपल्याकडे अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार लहानपणीच शिकवतात. हीनाधिक मानोन्मान म्हणजे खोटे वजनमाप, हे तराजूवर बसणाऱ्याला लगेच कळते. प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे चांगल्याच्या नावाखाली हिणकस देणे, हाही त्यांतलाच. आणि राज्याचा नियम ओलांडणे, विरुद्धराज्यातिक्रम, हाही. मी त्याला हे ऐकवले नाही. एवढेच विचारले, “हाच माल उद्या कोणी आपल्याला दिला तर?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग त्यानेच कागद घेतला. काय आहे, काय नाही, काय बिघडले आहे, सारे लिहिले आणि ओरखड्याचा जुना फोटो जोडला. गिऱ्हाईक कागद वाचून काही न बोलता परतले. रात्री फोन आला : २ लाख १० हजार.

पुतण्याने होकार दिला. नमुना २९ व ३० भरून नोंदणी घेणाऱ्याच्या नावावर होईपर्यंत मात्र मी त्याला स्वस्थ बसू दिले नाही. नोंदणीत नाव राहिले तर अपघाताची भरपाई जुन्या मालकाच्याच गळ्यात पडते, हे २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झाले आहे. अनेक जण नुसत्या साध्या कागदावर सही घेऊन निश्चिंत होतात, याचे मला नवल वाटते.

गाडी ट्रकवर चढली तेव्हा तिच्या टपावर हळदीचा पिवळा थर होता. पुतण्याने रुमालाने काच पुसली. संध्याकाळी वहीत त्याने ३ लाख ५० हजार जमेला धरले आणि उरलेली रक्कम स्वतःच्या नावे खर्ची टाकली.