शंभरातले किती उगवले?

मुलांनो, भाताचे दोन दाणे तळहातावर घेऊन बघा. एक कणगीतला, गिरणीवर न्यायच्या भातातला. दुसरा बियाणे म्हणून बाजूला काढून ठेवलेला. कोणता कुठला, ओळखता येईल? नाही ना! मोठ्या माणसांनाही येत नाही. दोघांचे तूस सारखेच, आकार सारखाच. पण पहिल्याचे काम सोपे आहे. तो भरडला, शिजवला, आमटीबरोबर पोटात गेला की संपले. दुसऱ्याला मात्र जूनपर्यंत जिवंत राहायचे आहे.

हो, जिवंत! भाताच्या दाण्यात देठाच्या बाजूला, एका टोकाशी, इवलासा अंकुर झोपलेला असतो. बाकीचा सगळा पांढरा दाणा म्हणजे त्या अंकुराची शिदोरी. स्वतःची मुळे जमिनीत जाईपर्यंत त्याने हीच खायची. गिरणीत भात सडले की तुसाबरोबर हा अंकुरही कोंड्यात निघून जातो. ‘गुरुजी, तांदूळ पेरले तर का उगवत नाहीत?’ असे दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. त्याचे उत्तर हे. शिदोरी उरली, पण खाणारा गेला!

झोपलेला अंकुर श्वास घेत असतो, अगदी हळू. श्वास घ्यायचा तर शिदोरीतले थोडे थोडे खर्च होणारच. हवा दमट आणि गरम असली की श्वास भराभर चालतो, शिदोरी लवकर आटते, बुरशी आणि सोंडे येतात, आणि एक दिवस अंकुर मरतो. दाणा बाहेरून होता तसाच दिसतो. बियाण्याची सगळी अडचण इथेच आहे. मेलेले बी डोळ्यांना दिसत नाही.

बियाण्याच्या शास्त्रज्ञांचा एक ढोबळ नियम आहे. बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. साठवणीच्या जागेचे तापमान पाच अंशांनी उतरवले, तरी दुप्पट. म्हणजे उन्हात नीट वाळवलेले भात आणि घाईघाईत पोत्यात भरलेले भात यांच्या आयुष्यात केवढा फरक पडत असेल, बघा. कायद्याने भाताच्या बियाण्यात ओलावा जास्तीत जास्त १३ टक्के चालतो.

घाटावरच्या लोकांची हवा कोरडी, त्यांचे बरे आहे. आपल्या रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेल्या दिवसांत समुद्र हवेला कोरडी होऊ देत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झोडलेले भात पुढच्या जूनपर्यंत सांभाळायचे, तेही या हवेत! म्हणून आपल्या आज्यांनी काय काय केले होते ते विचारून घ्या. भात कडकडीत उन्हात वाळवायचे. दाणा दाताखाली धरायचा. ‘कट्ट’ आवाज आला तर वाळला, नुसता दबला तर अजून दोन उन्हे द्यायची. मग बी पेंढ्याच्या मुडीत घट्ट बांधून माळ्यावर, चुलीच्या धुराच्या वाटेत ठेवायचे. कडधान्याचे बी राखेत घोळवायचे. भोपळ्या-काकडीच्या बिया राखेसकट भिंतीला थापायच्या. धूर आणि राख यांनी कीड लांब राहायची आणि ओलही शोषली जायची.

आता चूल गेली, गॅस आला. आणि तो यावाच, आईच्या डोळ्यांतला धूर तरी थांबला. पण बियाण्याचे पोते मात्र बऱ्याच घरांत सिमेंटच्या जमिनीवर, भिंतीला टेकून उभे असते. जमिनीची ओल खालून पोत्यात शिरते. खाली दोन फळ्या टाकल्या आणि पोते भिंतीपासून हातभर सरकवले, तरी पुष्कळ काम होते. हे काम तुम्हीही करू शकता.

आणखी एक नियम जुन्या घरांतून असायचा. श्रावणात कणगीचा तळ दिसला तरी चालेल, उसनवारी करावी लागली तरी चालेल, पण बियाण्याच्या मुडीला हात लावायचा नाही. या नियमावरून रशियातली एक खरी हकिगत सांगतो. लेनिनग्राड शहरात निकोलाय वाविलोव या शास्त्रज्ञाने जगभरातून गोळा केलेल्या बियाण्यांची संस्था होती. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत, जर्मन सैन्याने त्या शहराला वेढा घातला. लोक अन्नावाचून मरू लागले. संस्थेत गहू, भात, शेंगदाणे, बटाटे सगळे होते. तिथल्या माणसांनी त्यातले काही खाल्ले नाही. कित्येकजण भुकेने गेले. भाताच्या बियाण्यांची जबाबदारी असलेले दिमित्री इवानोव हे त्यांतलेच एक. त्यांच्या मागे भाताची हजारो पाकिटे शिल्लक होती.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मेलेले बी दिसत नाही, तर ओळखायचे कसे? उत्तर फार सोपे आहे. मोजायचे!

आमच्या शाळेत दर एप्रिलला, उन्हाळी सुटी लागण्याआधी, मुले घरून चिमूट-दोन चिमूट बियाणे आणतात. कोणी निवडून टपोरे दाणे आणले तर मी परत पाठवतो. पोत्याच्या वरून, मधून आणि खालून घेतलेलेच हवे, तरच खरे उत्तर मिळते. प्रत्येकाने न निवडता शंभर दाणे मोजायचे. ते ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या रांगांत मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा घालायचा, हलक्या हाताने गुंडाळी करायची आणि नावाची चिठ्ठी बांधून सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचे. गुंडाळी ओली हवी, पण पाणी निथळता कामा नये. पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या-दहाव्या दिवशी दुसरी. सरकारी प्रयोगशाळेत हेच करतात. फक्त तिथे चारशे दाणे घेतात, तापमान ठरलेले असते आणि भाताची शेवटची मोजणी चौदाव्या दिवशी होते.

मोजताना एक गोष्ट सांभाळायची. ज्याला मूळ आणि कोंब दोन्ही नीट फुटले आहेत, तेवढेच धरायचे. नुसता कोंब आला आणि मूळ वाकडेतिकडे, खुरटे राहिले, तर ते रोप शेतात जगत नाही. आमच्या पोरांची यावरून भांडणे होतात. ‘माझं उगवलंय ना!’ असे म्हणत एकेक जण लंगडी रोपेसुद्धा मोजायला बघतो.

एका वर्षी चौथीतल्या एका मुलीच्या गुंडाळीत शंभरातले चोपन्नच उगवले. तिला रडू आले, जणू परीक्षेत नापास झाली! तिच्या वडिलांचा विश्वास बसेना. त्यांनी घरी पुन्हा दाणे लावले, पुन्हा पन्नासच्या आसपासच आले. पण अजून एप्रिल होता. पेरणीला महिना-दीड महिना हातात होता, त्यामुळे दुसरे बियाणे मिळाले. हेच जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, वाफ्यात विरळ रोप दिसल्यावर कळले असते तर? तेव्हा पुन्हा पेरून रोप लावणीला येईपर्यंत तीन-चार आठवडे जातात आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही.

भाताच्या बियाण्याची कायद्याने ठरलेली किमान उगवण ८० टक्के आहे. सोयाबीनची ७०, कारण त्याचे साल पातळ असते. पोते उंचावरून आपटले तरी आतला अंकुर दुखावतो. २०१९ च्या परतीच्या पावसात सोयाबीन काढणीच्या वेळी भिजले, आणि २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही, अशा हजारो तक्रारी आल्या. तेव्हापासून कृषी विभाग घरच्या घरी उगवण तपासण्यावर फार भर देतो. एक सूचना: भात झोडल्यावर लगेच, दिवाळीत, ही तपासणी करू नका. कित्येक वाणांचे ताजे बी काही आठवडे उगवतच नाही. ती त्याची खरी झोप असते. ही झोप नसती तर परतीच्या पावसात आडव्या झालेल्या लोंब्यांनाच मोड आले असते.

उगवणीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे शुद्धता. बी उगवले खरे, पण जे हवे ते उगवले का? कोकणात डोंगरउतारावरच्या पातळ मातीत लवकर तयार होणारे हळवे भात लावतात, पाणी साठणाऱ्या मळ्याच्या जमिनीत गरवे आणि मधल्या ठिकाणी निमगरवे. हळव्यात गरवे मिसळले तर अर्धे शेत पिकलेले, अर्धे हिरवे. मग कापणार कधी?

हे वाण तयार होतात कुठे? रत्नागिरीजवळ शिरगावला भाताचे संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे ते केंद्र. हे विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झाले. ‘रत्नागिरी-१’, ‘रत्नागिरी-२४’ ही हळवी भाते इथलीच. बाबांच्या पिशवीवर आपल्या जिल्ह्याचे नाव छापलेले असते, ते यामुळे. ‘कर्जत-१८४’ हे रायगड जिल्ह्यातल्या कर्जतच्या केंद्राचे.

वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या नजरेखाली जे थोडेसे बी पिकते, ते पैदासकार बियाणे. त्याला पिवळा टॅग. ते पेरून पायाभूत बियाणे होते; त्याला पांढरा. ते पुन्हा पेरून होते ते प्रमाणित बियाणे. त्याला निळा, आणि शेतकऱ्याला दुकानात मिळते ते बहुधा हेच. निळा टॅग फुकट मिळत नाही बरं का! अकोल्याच्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेची माणसे फुलोऱ्यापासून कापणीपर्यंत शेतात येऊन बघतात. भेसळीचे रोप पाचशेत एकापेक्षा जास्त चालत नाही. शेजारच्या भातापासून तीन मीटर अंतर राखावे लागते. तीनच मीटर कसे पुरतात? भाताचे फूल सकाळी थोडा वेळ उघडते आणि बहुतेक वेळा त्याचा पराग त्याच्याच फुलात पडतो. मक्याचा पराग वाऱ्यावर भटकतो, म्हणून संकरित मक्याच्या बियाण्याला दोनशे मीटर लागतात. हिरवे लेबल असलेले ते सत्यप्रत बियाणे. त्यात यंत्रणेची तपासणी नसते. दर्जाचा शब्द विकणाऱ्या कंपनीचा.

ही सारी व्यवस्था १९६६ च्या बियाणे कायद्यावर उभी आहे. त्याच्या तीन वर्षे आधी, १९६३ मध्ये, राष्ट्रीय बियाणे महामंडळ निघाले होते. आपल्या राज्याचे ‘महाबीज’ १९७६ चे, अकोल्याचेच. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये बियाण्यांची कंपनी काढली. त्या कामासाठी त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

मग घरचे बी ठेवायचेच नाही का? असे कुठे म्हटले मी! साध्या सुधारित भाताचे बी दोन-तीन वर्षे घरचे वापरता येते. पुढे खळ्यावर, पोत्यांत मिसळ होत जाते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षी नवे घ्यावे. संकरित भाताचे मात्र घरी ठेवू नये, पुढच्या पिढीत रोपे एकसारखी निघत नाहीत. आणि मुणगा, वालय, बेळा ही आपली जुनी भाते कोणत्या दुकानात मिळणार? ती घराघरांतूनच टिकली आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावरान बियाणी जमवली. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पालकांसाठी एवढेच, की बियाणे विकत घेताना पक्की पावती घ्या, टॅगवरची तपासणीची तारीख आणि मुदत वाचा. पिशवी टॅगच्या उलट्या बाजूने फोडा, आणि मूठभर बी पिशवीत तसेच ठेवून पावतीसकट जपा. उगवले नाही तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करताना हे सगळे लागते. गुलाबी-लाल रंग लावलेले बियाणे औषध चोळलेले असते. ते विषारी, मुलांच्या आणि गुराकोंबड्यांच्या तोंडापर्यंत जाऊ देऊ नका.

आणि घरचे, औषध न लावलेले बी पेरायच्या आदल्या दिवसांत हे करून बघा. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवा. शाळेत करायचे तर एक लिटरला तीस ग्रॅम. त्यात भात ओतून ढवळा आणि थोडा वेळ थांबा. ज्यांची शिदोरी भरलेली, ते दाणे तळाला बसतील. पोचट आणि हलके वर येतील, ते चाळणीने काढून घ्या. तळाचे बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, नाहीतर मीठ अंकुराला बाधते. वर आलेले भातही धुऊन घ्या. कोंबड्या वाट बघत असतील.