रेल्वेप्रवास रद्द झाला तर भाड्याचा परतावा कसा मिळवावा?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतून लोहमार्ग जात नाही. पुणे-नाशिक महामार्गावरील पेठ या गावच्या रहिवाशांना रेल्वे गाठण्यासाठी सुमारे पन्नास किलोमीटरवरील पुणे स्थानकाकडे जावे लागते. जुन्नरच्या उत्तर भागातील प्रवासी माळशेज घाट उतरून कल्याणला गाडी धरतात. असे असले तरी काशी, तिरुपती, रामेश्वर अशा यात्रांसाठी, नोकरीच्या परीक्षांसाठी आणि शाळांच्या सहलींसाठी या भागातील अनेक कुटुंबे रेल्वेचीच तिकिटे काढतात. प्रवास ठरल्याप्रमाणे झाला तर प्रश्न उद्भवत नाही. तो रद्द झाला, की भाड्याचे पैसे परत कसे मिळवायचे हे ठाऊक नसल्याने हक्काच्या रकमेवर पाणी सोडण्याची वेळ येते.

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ५२ नुसार, प्रवाशाने तिकीट रद्द करण्यासाठी परत केल्यास ते रद्द करून विहित रक्कम परत देणे रेल्वे प्रशासनावर बंधनकारक आहे. परतावा ही मेहेरबानी नव्हे, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. मात्र या हक्काला मुदतीची मर्यादा आहे आणि ती पाळण्याची जबाबदारी प्रवाशावर आहे.

प्रवास कोणी रद्द केला?

परताव्याचा विचार करताना पहिला प्रश्न हाच असतो. प्रवाशाने स्वतःच्या कारणाने बेत बदलला असेल तर भाड्यातून काही रक्कम कापली जाते. १२ नोव्हेंबर २०१५ पासून अमलात आलेल्या नियमांनी या कपातीचे टप्पे घालून दिले. निश्चित आरक्षण असलेले तिकीट गाडी सुटण्यापूर्वी ४८ तासांहून आधी रद्द केल्यास शयनयान वर्गासाठी प्रत्येकी १२० रुपये, त्यानंतर १२ तासांपर्यंत भाड्याच्या २५ टक्के आणि पुढे ४ तासांपर्यंत ५० टक्के कपात, असे ते टप्पे होते. हे तास व दर रेल्वे वेळोवेळी बदलते. म्हणून तिकीट काढतानाच चालू नियम खिडकीवर विचारून घेणे इष्ट. तत्त्व मात्र कायम आहे : जितका उशीर, तितकी कपात अधिक.

रेल्वेनेच गाडी पूर्णपणे रद्द केली असेल तर भाड्यातून कपात होत नाही. उदाहरणार्थ, चौघांच्या कुटुंबाने प्रत्येकी ६०० रुपये भाड्याची शयनयानाची तिकिटे काढली, असे समजू. एकूण भाडे २,४०० रुपये. २०१५ च्या टप्प्यांप्रमाणे चार दिवस आधी स्वतः रद्द केल्यास १,९२० रुपये परत मिळतील आणि सहा तास आधी रद्द केल्यास १,२०० रुपये. गाडी रेल्वेने रद्द केल्यास मात्र पूर्ण २,४०० रुपये परत मिळतील. गाडी धावणार नाही अशी कुणकुण लागताच घाईने तिकीट रद्द करणे म्हणूनच तोट्याचे ठरते. आधी १३९ या रेल्वे चौकशी क्रमांकावर खात्री करावी.

याखेरीज आणखी दोन प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. प्रवासी ज्या स्थानकातून चढणार आहे तेथे गाडी तीन तासांहून अधिक उशिराने येत असेल आणि प्रवाशाने प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडे मिळते. त्यासाठी गाडी प्रत्यक्षात सुटण्यापूर्वी तिकीट परत करावे लागते. तसेच अपघात, पूर किंवा मार्ग खचल्यामुळे गाडी वाटेतच थांबली आणि रेल्वे प्रवाशाला इष्ट स्थानी पोहोचवू शकली नाही, तर झालेल्या प्रवासासह संपूर्ण भाडे परत मिळते. रेल्वेने पुढील प्रवासाची सोय केली असताना प्रवाशाने ती नाकारली, तर केवळ न झालेल्या प्रवासाचे भाडे मिळते.

पुणेमार्गे जाणाऱ्यांना हे प्रसंग अपरिचित नाहीत. जुलै २०१९ मध्ये कर्जत-लोणावळा घाटात मालगाडी घसरल्यामुळे मुंबई-पुणे दरम्यानच्या अनेक गाड्या रद्द कराव्या लागल्या होत्या.

कागदी तिकीट आणि ई-तिकीट

दुसरा प्रश्न तिकिटाच्या प्रकाराचा. महाजालावरून काढलेल्या ई-तिकिटाची गाडी पूर्णपणे रद्द झाली, तर अर्ज करावा लागत नाही. भाडे ज्या खात्यातून भरले, त्याच खात्यात आपोआप जमा होते. सुविधा शुल्क तेवढे परत मिळत नाही.

खिडकीवरून काढलेल्या कागदी तिकिटाचे तसे नाही. गाडी रेल्वेने रद्द केली असली तरी ते तिकीट नियोजित सुटण्याच्या वेळेपासून तीन दिवसांच्या आत आरक्षण खिडकीवर परत करावे लागते. पेठसारख्या गावातील प्रवाशाचे नुकसान होण्याचा धोका येथेच अधिक आहे. गाडी रद्द झाल्याचे कळल्यावर तो घरीच थांबतो, पैसे कधीही मिळतील असे समजतो आणि मुदत टळते.

खिडकीवर परतावा नाकारला गेल्यास तिकीट जमा करून पावती मागावी. ‘टीडीआर’ या नावाने ओळखली जाणारी ही पावती मिळाल्यापासून दहा दिवसांत रेल्वेच्या परतावा विभागाच्या मुख्य वाणिज्य व्यवस्थापकांकडे अर्ज करता येतो. तेथेही समाधान न झाल्यास रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. १९८७ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाची पीठे महाराष्ट्रात मुंबई व नागपूर येथे आहेत.

असाधारण परिस्थितीत मुदत वाढविली जाते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा खिडकीवरील तिकिटांची तीन दिवसांची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवीत नेण्यात आली. २१ मार्च ते ३१ जुलै २०२० या काळातील प्रवासासाठी ती अखेरीस नऊ महिने झाली. तथापि अशी सवलत जाहीर झाल्याशिवाय ती गृहीत धरू नये.

गावातील केंद्रातून तिकीट काढताना

अनेक ग्रामस्थ गावातील सेवा केंद्रातून ई-तिकीट काढून घेतात. भाडे केंद्रचालकाच्या खात्यातून भरले गेल्यास परतावाही त्याच्याच खात्यात जातो. यासाठी अधिकृत प्रतिनिधींमार्फत काढलेल्या तिकिटांवर ऑक्टोबर २०१९ पासून सांकेतिक क्रमांकाची पद्धत सुरू झाली. परताव्याची रक्कम आणि सांकेतिक क्रमांक प्रवाशाच्या भ्रमणध्वनीवर येतो. तो क्रमांक प्रतिनिधीला दाखवून रक्कम घ्यावयाची असते. तिकिटावर केंद्रचालकाचा नव्हे, तर प्रवाशाचा स्वतःचा भ्रमणध्वनी क्रमांक नोंदविण्याचा आग्रह यासाठीच धरावा. परतावा देतो असे सांगून दूरध्वनीवर बँकेचा गुप्त क्रमांक विचारणाऱ्याला मात्र तो कदापि सांगू नये.

ग्रामपंचायतींनी कागदी तिकिटाची तीन दिवसांची मुदत, १३९ हा क्रमांक आणि तिकिटावर स्वतःचा भ्रमणध्वनी क्रमांक नोंदविण्याची सूचना एवढ्या तीन बाबी सूचनाफलकावर लिहिल्या, तरी यात्रेकरूंची मोठी सोय होईल. सहलीची जबाबदारी असलेल्या शिक्षकांनी मूळ तिकीट एका ठिकाणी सुरक्षित ठेवावे आणि गाडी रद्द झाल्यास ते कोण व केव्हा पुण्याला नेणार हे आधीच ठरवावे. परताव्याचा नियम सर्वांना सारखा आहे, परंतु स्थानकापासून दूर राहणाऱ्याला त्याचा लाभ घेण्यासाठी तीनच दिवस मिळतात. त्यांतील एकही वाया जाऊ नये.