शुगर-फ्री कोल्ड्रिंक : साखर नाही, म्हणून सुरक्षित आहे का?

दावत म्हटली की बिर्याणी आणि बिर्याणीसोबत कोल्ड्रिंक, हे आपल्याकडे आता ठरूनच गेलं आहे. गेल्या काही वर्षांत नेहमीच्या बाटल्यांशेजारी ‘डाएट’, ‘झिरो’, ‘शुगर-फ्री’ असं लिहिलेले डबेही दिसू लागले आहेत. "अब्बांना शुगर आहे ना, म्हणून झिरोवालं आणलंय," असं मुलं सांगतात. त्यामागची काळजी खरी आहे. पण डब्यावरचं ‘झिरो’ फक्त साखरेबद्दल सांगतं. धोकाही शून्य आहे, असा त्याचा अर्थ नाही.

हा प्रश्न आता घरोघरी पोहोचला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

गोडी येते कुठून?

साध्या कोलाच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅमच्या वर, म्हणजे सात-आठ चमचे साखर असते. शुगर-फ्री पेयात तिच्या जागी रसायनं घातलेली असतात. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड असतं आणि सुक्रालोज सुमारे ६०० पट. त्यामुळे चिमूटभरातच काम होतं आणि कॅलरी जवळजवळ लागत नाहीत. डब्यावर बारीक अक्षरांत ९५० (एसेसल्फेम-के), ९५१ (अ‍ॅस्पार्टेम), ९५४ (सॅकरिन) किंवा ९५५ (सुक्रालोज) यापैकी आकडा दिसला, तर ती कृत्रिम गोडी आहे हे ओळखावं.

कॅन्सरचं काय?

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेल्या’ पदार्थांच्या यादीत टाकलं. बातमी येताच व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डाएट कोला म्हणजे कॅन्सर’ असे मेसेज फिरू लागले. ते खरं नाही. या यादीचा अर्थ एवढाच, की काही पुरावे आहेत, पण ते अपुरे आहेत. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा बदलली नाही. ती शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम इतकीच राहिली.

हिशोब करून पाहा. एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम धरलं, तर ७० किलोच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ डबे लागतील. पण २० किलोच्या मुलाची मर्यादा तीन-चार डब्यांतच संपते. म्हणून ‘साखर नाही, पिऊ दे’ हे मुलांच्या बाबतीत चालत नाही. शिवाय कोलामध्ये कॅफीन असतं, ते मुलांची झोप बिघडवतं.

वजन कमी होतं का?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ही कृत्रिम गोडी वापरू नये. दीर्घकाळात चरबी कमी होण्यात तिचा फायदा दिसत नाही. उलट दीर्घकाळ वापरणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळले. हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, हेही संघटनेने स्पष्ट केलं आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ज्यांचं वजन किंवा शुगर आधीच वाढलेली असते, तेच लोक जास्त करून अशा पेयांकडे वळतात. त्यामुळे आजार पेयामुळे आला की आजाराच्या भीतीने पेय आलं, हे ठरवणं अवघड जातं. फ्रान्समध्ये एक लाखाहून अधिक लोकांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही कृत्रिम गोडी जास्त घेणाऱ्यांना कॅन्सरचं प्रमाण थोडं अधिक दिसलं, पण तो संबंध आहे, पक्कं कारण नव्हे.

दातांबद्दल मात्र शंका नाही. साखर नसली तरी या पेयांत आम्ल असतंच, आणि रोजच्या पिण्याने दातांवरचं कवच झिजतं. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी तर अ‍ॅस्पार्टेम टाळलंच पाहिजे.

रोज्यात शुगर उतरली तर

मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन घेऊन रोजा ठेवणाऱ्यांच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत हवी. हातपाय थरथरणं, घाम सुटणं, डोळ्यांसमोर अंधारी येणं ही शुगर उतरल्याची लक्षणं आहेत. शुगर ७० च्या खाली गेली, तर रोजा लगेच सोडावा, असं डॉक्टर सांगतात. आजारी माणसाला दीनमध्ये सवलत आहेच. अशा वेळी घाईत हाताशी आलेलं डाएट कोल्ड्रिंक दिलं, तर काहीही उपयोग होत नाही, कारण त्यात साखरच नाही. तीन-चार चमचे साखर पाण्यात घोळून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात.

मग प्यायचं काय?

‘डाएट वाईट, म्हणून साधं पिऊ’ हा तर आणखी तोट्याचा सौदा. ज्यांना शुगर आहे, त्यांनी कधीमधी एखादा डबा घेतला तर घाबरायचं कारण नाही. पण झिरो कोला घेतला म्हणून बिर्याणीची दुसरी प्लेट आणि वर शीरखुर्मा, असं केलं तर शुगर वाढणारच. रोजच्यासाठी साधं पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचं लिंबूपाणी किंवा सब्जा घातलेलं पाणी चांगलं. कोकणात कोकमाचं आगळ मिळतं, ते मीठ थोडं कमी ठेवून पाण्यात घेता येतं. मुलांना पाण्याची सवय लहानपणीच लागली, तर गोड पेयाची ओढ कमी राहते. पुढच्या दावतीत दस्तरख्वानावर बाटल्यांच्या आधी ताकाचा जग आणि पाण्याचे ग्लास ठेवून पाहा. समोर असेल, तेच लोक आधी उचलतात.