उभ्या गाडीचे ओरखडे

दसऱ्या-पाडव्याला नवी गाडी दारात आली की पहिल्याच आठवड्यात तिच्या संरक्षणाचा खर्च सुरू होतो. कापडी कव्हर, दारांच्या कडांना रबरी पट्ट्या, सिरॅमिक कोटिंग, आणि ऐपत असेल तर अंगभर पारदर्शक फिल्म. या वस्तू अगदीच निरुपयोगी नाहीत. पण उभ्या गाडीचं बहुतेक नुकसान ठरतं ते ती कुठे आणि कशी लावली यावर. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात कोणी करत नाही.

आधी मापं बघू. राज्याच्या बांधकाम नियमावलीत एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरलेली आहे. जुनी मारुती ८०० रुंदीला १४४ सेंटिमीटर होती. अशा दोन गाड्या आपापल्या चौकटीत मधोमध लावल्या तर त्यांच्यात १०६ सेंटिमीटर उरत. आज सोसायट्यांमध्ये सर्रास दिसणारी क्रेटा १७९ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे दोन क्रेटांमध्ये उरतात ७१. स्कॉर्पिओ-एन साधारण १९२. तिथे जेमतेम ५८. शिवाय कंपन्यांच्या आकड्यांत बाहेरचे आरसे धरलेले नसतात. एवढ्याशा फटीत पोट आत घेऊन, भाजीची पिशवी सांभाळत माणूस उतरतो आणि शेजारच्या दाराला पोचा पडतो. त्यात शेजाऱ्याचा बेफिकीरपणा असेलही, पण मुळात गाड्या रुंदावल्या आणि चौकट होती तेवढीच राहिली. मग करायचं काय? माणसं आणि सामान गाडी आत घालण्याआधीच उतरवायचं. मागचं दार धाडकन उघडणारी मुलं तर आधी. डावीकडे भिंत असलेली टोकाची जागा मिळाली तर गाडी भिंतीला खेटून लावायची, म्हणजे चालकाच्या बाजूला सगळी मोकळीक राहते. आरसे मिटायचे. गाडी रिव्हर्समध्ये लावायची, म्हणजे बाहेर पडताना समोरचा रस्ता दिसतो. खांबाशेजारच्या जागेला लोक नाक मुरडतात, पण त्या बाजूने पोचा पडायची भीती नसते. तिथे धोका निघताना असतो. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. बंपर सुटला म्हणून लगेच स्टिअरिंग फिरवलं की मागचं दार खांबाला घासतं. ते दार खांब ओलांडेपर्यंत गाडी सरळच काढायची. रॅम्पच्या वळणावरची पहिली जागा मात्र टाळलेली बरी. तिथून येणारा-जाणारा प्रत्येक बंपर आपल्या कोपऱ्याजवळून जातो.

दुसरं नुकसान आपण महिन्याच्या बोलीने करवून घेतो. पहाटे गाड्या पुसायला येणाऱ्याकडे एक बादली, एक फडकं आणि वेळ न पुरणाऱ्या गाड्या असतात. रंगावरचा पारदर्शक थर असतो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, केसाहूनही बारीक. धुळीतले सिलिकाचे कण त्या थरापेक्षा कठीण. चौथ्या गाडीपर्यंत फडक्यात मुरलेली धूळ पाचव्या गाडीवर गोल गोल घासली जाते. रात्री दिव्याखाली बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे बारीक चरे चमकतात, ते त्यातूनच आलेले असतात. दोष त्या माणसाचा नाही. तुटपुंज्या पैशांत तीसही दिवस चकाकी आपणच मागितलेली असते. आधी पाणी मारून धूळ उतरवायची, आपल्या गाडीचं फडकं वेगळं ठेवायचं आणि एक दिवसाआड पुसलं तरी चालेल असं सांगायचं, एवढं पुरे. कव्हरचंही असंच आहे. धुळकट गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने फडफडतं तेव्हा तेच फडक्याचं काम करतं, आणि पावसाळ्यात ओल धरून ठेवतं ते वेगळं.

‘निवडायला जागा असते कुठे?’ हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. जागा निवडता आली नाही तरी दिशा, अंतर आणि उतरण्याचा क्रम आपल्या हातात असतो. रस्त्यावर तर निवडीला वाव जास्त. गुलमोहराची फांदी ठिसूळ, वादळी पावसात ती कधी मोडेल नेम नाही. वड-पिंपळाखाली पाखरांची विष्ठा पडते आणि उन्हात ती रंग खाते. ती खरवडायची नाही, ओलं फडकं ठेवून मऊ करून उचलायची. सखल जागेचं काय होतं ते पुण्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाहिलं. आंबिल ओढ्याच्या पुरात उभ्या गाड्या वाहून गेल्या.

‘विमा आहे की!’ असं म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. पाच वर्षं दावा केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. एका दाव्याने ती शून्यावर येते. हा हप्ता १२ हजार धरला तर पुढच्याच वर्षी सहा हजार जादा जातात, आणि सूट पुन्हा २० टक्क्यांपासून चढत येते. पाच हजारांच्या डेंट-पेंटसाठी, त्यातून हजार रुपये सक्तीने वजा होत असताना, दावा करणं आतबट्ट्याचं. सूट शाबूत ठेवणारं जादा कलम घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. विमा पुरासाठी, चोरीसाठी राखून ठेवावा. पुरातही एक पथ्य आहे: पाण्यात राहिलेली गाडी सुरू करून बघायची नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम नसेल तर कंपनी तो खर्च सहसा नाकारते.

‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ ही पाटीही सगळीकडे लागू पडत नाही. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ साली व्हॅले पार्किंगला दिलेली मारुती झेन चोरीला गेली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल दिला, की किल्ली आणि ताबा घेतल्यावर हॉटेलला अशा सूचनेआड लपून स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. किल्ली आपल्याच खिशात असेल तर हा आधार तितका भक्कम राहत नाही. म्हणून किल्ली देताना पावती घ्यावी आणि गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत.

राहिला प्रश्न सोसायटीचा. तिथले चौकटीचे पट्टे पुसट झालेले असतात, खांबांच्या कडा उघड्या आणि वळणावर आरसा नाही. या तिन्हींचा मिळून खर्च सभासदांत वाटला तर एका दाराच्या रंगकामाइतकाही प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत रंगाचा, रबरी कोपऱ्यांचा आणि आरशाचा ठराव मांडा, आणि रुंद गाड्यांना टोकाच्या जागा अदलाबदलीने देता येतील का, तेही त्याच सभेत विचारा.