संशोधनाचं मोजमाप (लेखांक 6) : पिंपरीतलं संशोधन कोणत्या गेजने मोजायचं?

1961 साली पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनीने आपल्याच 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन' या नियतकालिकाच्या तिसऱ्या खंडात एक जेमतेम तीन पानांचा निबंध छापला. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सूक्ष्मजीवापासून बुरशीवर चालणारं नवं प्रतिजैविक वेगळं काढलं होतं. औषधाचं नाव हॅमायसिन आणि ज्या जीवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पेनिसिलिनसाठी उभा राहिलेला हा कारखाना. सात वर्षांत त्याने स्वतःचं औषध शोधलं आणि गावाचं नाव जीवशास्त्राच्या नोंदवहीत घातलं.

त्याच जीवाणूपासून पिंप्रिनिन नावाचं आणखी एक रसायन मिळालं. त्याची रचना आणि प्रयोगशाळेतली घडण सांगणारा निबंध 1963 साली 'टेट्राहेड्रॉन' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. लेखकांमध्ये पिंपरीचे डी. एस. भाटे होते. पुढे जवळपास अर्धं शतक त्याची फारशी वाच्यता झाली नाही. मग चीनमधल्या कृषिरसायनशास्त्रज्ञांनी पिंप्रिनिनमध्ये थोडेथोडे फेरफार करून पिकांवरच्या बुरशीसाठी नवी संयुगं तयार करायला घेतली, आणि त्यांच्या निबंधांच्या संदर्भसूचीत पुन्हा 1963 दिसू लागलं.

आता हे दोन निबंध आजच्या हिशेबात कुठे बसतात ते पाहू.

मागच्या लेखांकात इम्पॅक्ट फॅक्टर कसा काढतात ते आपण पाहिलं. एखाद्या नियतकालिकाने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी किती सायटेशन मिळाली, त्याची ही सरासरी. खिडकी दोनच वर्षांची. पिंप्रिनिनच्या निबंधाला पन्नास वर्षांनी मिळालेलं सायटेशन या खिडकीतून दिसणारच नाही. अशा उशिरा जाग्या होणाऱ्या निबंधांना नेदरलँड्सच्या अँथनी व्हान रान यांनी 2004 साली 'निद्रिस्त सुंदरी' म्हटलं. बुलेटिनमधल्या निबंधाची अडचण निराळी आहे. कारखान्याच्या स्वतःच्या नियतकालिकात छापलेली गोष्ट मोजायची की नाही, हे मोजणारा कोणती सूची हाती घेतो यावर ठरतं. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' 1964 साली आली आणि स्कोपस 2004 साली. दोन्हींनी सुरुवातीलाच ठरवलं की अमुक नियतकालिकं आत आणि तमुक बाहेर. जे बाहेर राहिलं ते झालंच नाही, असा अर्थ पुढे नकळत निघू लागला. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे, कारण यादी करणाऱ्याची सोय हळूहळू ज्ञानाची सीमा होऊन बसते.

पिंपरी-चिंचवडमधून किती संशोधन होतं, असा साधा प्रश्न घेऊन एखाद्या सूचीत बसलं की पहिला अडथळा पत्त्याचा येतो. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचे जुने निबंध 'पूना' या पत्त्यावर आहेत. भोसरीतल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे 'पुणे' या पत्त्यावर. निगडी, आकुर्डी, ताथवडे इथल्या महाविद्यालयांतले प्राध्यापक कधी उपनगराचं नाव लिहितात, कधी नुसतं पुणे, तर कधी फक्त विद्यापीठाचं नाव. कंपनीचं लघुनाव 'एचएएल' टाकून शोधलं तर बंगळुरूची विमानं समोर येतात. महापालिका वेगळी, पिनकोड वेगळा, पण शोधनिबंधांच्या जगात हे शहर पुण्याच्या पोटात गडप आहे.

नावांचा घोळ त्याहून मोठा. 'पाटील एस. के.' किंवा 'जाधव एस. बी.' या नावाने सूचीत जे सापडतं ते दहा-वीस वेगवेगळ्या माणसांचं मिळून असतं. बाईने लग्नाआधी दोन निबंध लिहिले आणि लग्नानंतर आडनाव व मधलं नाव दोन्ही बदललं, की सूचीच्या लेखी त्या दोन बायका होतात आणि तिचं काम अर्धं अर्धं वाटलं जातं. 2012 पासून ऑर्किड नावाची सोळा अंकी ओळख फुकट मिळते. तरुण संशोधिकांनी पहिल्याच निबंधाच्या वेळी ती काढून घ्यावी, हे मी कळकळीने सांगेन. आपल्याकडे नाव लिहिण्याच्या रीतीमुळे हा फटका मराठी बायकांना जास्त बसतो.

पत्ते जुळवले, नावं निस्तरली, तरी बेरीज करता येत नाही, कारण प्रत्येक विद्याशाखेची लिहिण्याची रीतच निराळी आहे.

भोसरी एमआयडीसीतली एड्स संशोधन संस्था 1992 सालची. एचपीटीएन 052 या आंतरराष्ट्रीय चाचणीत पुण्याचं केंद्र तिचं होतं. नऊ देशांतली 1,763 जोडपी, प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्हीची लागण आणि दुसऱ्याला नाही. बाधित जोडीदाराला औषधं लवकर सुरू केली तर दुसऱ्याला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, हे 2011 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालं. 'सायन्स'ने त्याला त्या वर्षातला सर्वांत मोठा शोध ठरवलं. लेखकांच्या लांबलचक यादीत शीला गोडबोले आणि संजय मेहेंदळे ही आपली नावं आहेत. जगभर एचआयव्हीच्या उपचाराचं धोरण बदलण्यामागे जे पुरावे होते, त्यांत हा फार वजनाचा होता.

या निबंधाचं श्रेय वाटायचं कसं? एका पद्धतीत प्रत्येक लेखकाला पूर्ण एक गुण. दुसऱ्या पद्धतीत एकाच गुणाचे लेखकसंख्येइतके तुकडे. पहिलीत सामुदायिक काम करणाऱ्यांचे आकडे फुगतात, दुसरीत वर्षानुवर्षं रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्याच्या पदरात अपूर्णांक पडतो. पदार्थविज्ञानात तर 2015 साली हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरच्या एका निबंधाला 5,154 लेखक होते. तिथे तुकडे करून काय हाती लागणार? गणितात बहुतेकदा एक-दोन लेखक, तेही आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने. वैद्यकात पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं असा संकेत आहे. निवड समितीतला माणूस दुसऱ्या शाखेचा असेल तर तो हा क्रम चुकीचाच वाचतो.

भोसरीहून आकुर्डी-चाकणकडे गेलं की निबंधच दिसेनासे होतात. बजाज ऑटोने 16 जुलै 2002 रोजी एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेल्या छोट्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. 7 जुलै 2005 रोजी पेटंट मिळालं, क्रमांक 195904. रस्त्यावर आपण ते डीटीएस-आय म्हणून ओळखतो. त्यावरून टीव्हीएसशी झालेला वाद मद्रास उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या इंजिनामागे प्रयोग होते, मोजमापं होती, फसलेले नमुने असणारच. पण कंपनीतला अभियंता अर्जाआधी निबंध छापू शकत नाही, कारण एकदा छापलं की नवेपणाचा दावा जातो. त्याचं मौन पेटंटच्या अटीतून आलेलं असतं. निबंधांच्या मोजणीत मात्र तिथे शून्यच दिसतं.

पिंपरीत टाटा मोटर्सचं अभियांत्रिकी संशोधन केंद्र 1966 पासून आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाही त्याच वर्षीची. तिचं मुख्यालय कोथरूडच्या टेकडीवर असलं तरी चाकणला तिचं मोठं चाचणी केंद्र आहे. या संस्थेच्या सचिवालयातून एआयएस मानकं निघतात. 2022 साली विजेच्या दुचाकी पेटल्या, त्यानंतर एआयएस 156 मध्ये बॅटरीच्या सुरक्षिततेच्या अटी वाढवल्या गेल्या. दुचाकीची बॅटरी बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीत ते कागद ओळ न् ओळ वाचले जातात, त्याप्रमाणे डिझाइन बदललं जातं. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या नावावर सायटेशन पडत नाही. भोसरीतल्या केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेचंही तसंच. ती 1967 सालची. बसगाड्यांच्या चाचण्या करते, परिवहन महामंडळांच्या अधिकाऱ्यांना शिकवते आणि 'इंडियन जर्नल ऑफ ट्रान्सपोर्ट मॅनेजमेंट' काढते. तिच्या कामाचा खरा वाचक एसटीच्या डेपोत आहे, आणि डेपोतला माणूस सायटेशन देत नसतो.

आणि चिंचवड? मोरया गोसावींच्या देव घराण्यावर, त्यांच्या इनामांवर आणि राज्यसत्तेशी असलेल्या संबंधांवर लॉरेन्स प्रेस्टन यांचा ग्रंथ केंब्रिजने 1989 साली काढला. असा एक ग्रंथ उभा करायला कागदपत्रांत किती वर्षं घालवावी लागतात, हे इतिहासाच्या कुठल्याही अभ्यासकाला विचारा. नियतकालिकांच्या सूचीत तो एक तरी धरला जाईल का, याची शाश्वती नाही. मराठीत लिहिणाऱ्याची दशा तर विचारूच नये. भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक असो की वाईचं 'नवभारत', त्यातला पदरमोड करून लिहिलेला लेख बढतीच्या फॉर्मवर दुय्यम ठरतो.

चाकणच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये बोअर प्लग गेजने बघतात आणि शाफ्ट स्नॅप गेजने. शाफ्टला प्लग गेज लावून 'रिजेक्ट' शिक्का मारणाऱ्या निरीक्षकाला सुपरवायझर उभा करणार नाही. विद्यापीठांत मात्र हेच वर्षानुवर्षं चाललं आहे.

यावर उपाय म्हणून शाखानिहाय तुलना करतात. एखाद्या निबंधाची सायटेशनं घ्यायची आणि त्याच शाखेतल्या, त्याच वर्षी छापलेल्या, त्याच प्रकारच्या निबंधांच्या जागतिक सरासरीने भागायची. समजा गणितातल्या निबंधाला 6 सायटेशनं मिळाली आणि तिथली सरासरी 3 आहे, तर उत्तर 2. वैद्यकातल्या निबंधाला 20 मिळाली आणि सरासरी 25, तर उत्तर 0.8. नुसत्या आकड्यांत वैद्यकवाला पुढे वाटला असता. ही पद्धत नक्कीच जास्त न्याय्य आहे. तरीही दोन शाखांच्या सीमेवरचं काम कुठल्या खणात टाकायचं, हा प्रश्न राहतो, आणि जे सूचीबाहेर आहे ते भागाकारातही येत नाही.

संख्या मोजण्याला माझा विरोध नाही. डेरेक प्राइस 1940 च्या दशकाच्या अखेरीस सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवत होते. ग्रंथालयाची इमारत पुरी व्हायची होती, म्हणून रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'चे 1665 पासूनचे खंड त्यांच्या घरी आले. त्यांनी दहा-दहा वर्षांचे गठ्ठे करून ते भिंतीशी ओळीने रचले. गठ्ठ्यांची उंची पटीपटीने चढत गेलेली त्यांना दिसली आणि विज्ञानाची वाढ मोजायचं शास्त्र त्यातून पुढे आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या मोजणीत 2022 साली भारतातून दोन लाखांहून अधिक निबंध निघाले, चीन आणि अमेरिकेच्या खालोखाल. देश कुठे चालला आहे हे कळायला असे आकडे लागतातच. घोटाळा होतो तो देशाची मोजपट्टी एकेका माणसाला लावल्यावर.

त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या शेजारचंच. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली एपीआय गुणांची पद्धत आणली. बढती हवी तर निबंध हवेत, निबंधाला आयएसएसएन हवा. क्रमांक मिळवणं अवघड नाही. पैसे भरले की आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिकं भूछत्रांसारखी उगवली. 2018 साली भूषण पटवर्धन आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली 1009 नियतकालिकं त्यांनी एकेक करून पाहिली. कुठे पत्ता नाही, कुठे संपादकांची नावं नाहीत, कुठे आयएसएसएन खोटा, कुठे इम्पॅक्ट फॅक्टर स्वतःच ठरवलेला. 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून 4,305 नियतकालिकं काढून टाकली. नंतर आलेल्या यूजीसी-केअर यादीचं कामही पुणे विद्यापीठातूनच चाललं. 2022 च्या नियमांत पीएचडीआधी निबंध छापण्याची सक्ती गेली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादीही बंद झाल्याचं जाहीर झालं. नियतकालिकाची पारख आता ज्या त्या संस्थेने करायची आहे.

म्हणजे चेंडू आता निगडी-आकुर्डीच्या महाविद्यालयांच्या कोर्टात आहे. नॅकच्या तिसऱ्या निकषासाठी मार्चमध्ये धावपळ करून निबंधांची संख्या जमवण्यापेक्षा प्रत्येक प्राध्यापकाकडून त्याची स्वतःची निवडक पाच कामं मागावीत, प्रत्येकाखाली दहा ओळी : हे काय आहे, कुणी वापरलं, माझा वाटा किती. त्यात निबंध चालेल, पेटंट चालेल, चाकणच्या एखाद्या पुरवठादाराचं रिजेक्शन कमी करणारा जिग चालेल, मानकाच्या मसुद्यावर दिलेली हरकत चालेल, मराठीतलं पुस्तकही चालेल. ते वाचायला त्या शाखेतले दोन बाहेरचे जाणकार बोलवावेत आणि त्यांना वेळेचं मानधन द्यावं. खर्च होईल. निबंध छापून घेण्यासाठी प्राध्यापकांच्या खिशातून जाणाऱ्या पैशांचा हिशेब एकदा मांडला, तर तो फार वाटणार नाही.

पुढच्या आठवड्यात पेटंटांकडे वळू. केलेले अर्ज, मिळालेली पेटंटं आणि प्रत्यक्ष वापरात आलेली पेटंटं हे तीन आकडे एकमेकांपासून इतके दूर का असतात, ते पाहू.