डोक्याला मार, गुंगीचं औषध आणि संशोधनाचा पैसा

■ नगरचं लष्कर : अहिल्यानगरला चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र, यांत्रिकी पायदळाचं केंद्र आणि के. के. रेंज हे सरावक्षेत्र. रणगाड्याच्या पोटात चहूकडे पोलाद; गचका बसला की डोकं त्यावरच आदळतं. म्हणून आत गादीदार शिरस्त्राण.

■ उपचार : गावात लष्करी रुग्णालय, सुमारे १२० किलोमीटरवर पुण्याचं कमांड हॉस्पिटल आणि १९४८ मध्ये स्थापन झालेलं सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी).

■ गुंगी कशाला? कवटी ताणली जात नाही. मार लागून मेंदू सुजला की आतला दाब चढतो. तो २२ मिलिमीटर पाऱ्यापलीकडे गेला की उतरवावा लागतो. गुंगीमुळे मेंदूची प्राणवायूची भूक कमी होते, श्वासनळीतल्या नळीमुळे येणारी उबळ थांबते.

■ पेच : प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध झटकन उतरतं, पण रक्तदाब पाडतं. केटामाइन हे दुसरं औषध रक्तदाब सांभाळतं. मात्र ते कवटीतला दाब वाढवतं या समजुतीने वर्षानुवर्षं टाळलं गेलं. नंतरच्या अभ्यासांनी ही भीती बरीच ओसरली.

■ पैसा : आपल्याकडे सैन्यदलांच्या डॉक्टरांचे संशोधन प्रकल्प सशस्त्र दल वैद्यकीय संशोधन समिती मंजूर करते. अमेरिकी संसदेने मेंदूची इजा आणि युद्धोत्तर मानसिक आजार यांवरील संशोधनासाठी २००७ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलर दिले.